सोजराबुढीच्या जिभेचा गुण

रिठदमध्ये सोजराबुढीच्या जिभेला सगळेच भीत. तरी ज्वारीची खळी लागली की सगळे तिच्याच ओट्यावर येऊन बसत. उफणताना वारा फिरला की कुणाच्या तरी डोळ्यात कूस, म्हणजे कणसाचं बारीक कुसळ, जायचंच. मग तो माणूस एक डोळा मिटून, तोंड वाकडं करून येई. बुढी मिठाच्या पाण्यानं खळखळून चूळ भरी, त्याची पापणी बोटानं उलटी करी आणि जिभेच्या टोकानं कूस अलगद उचलून घेई. काम क्षणाचं, त्याआधीचं बोलणं लांबलचक.

"येवढे डोये फाडून कोनाच्या वावरात पाहत होता रे?" हे प्रत्येकाला ऐकावंच लागे.

कानाचंही ती पाही. कानाची पाळी ओढायची. माणूस ओरडला तर आत फोड, गप्प राहिला तर मळ. मळाला तिळाचं कोमट तेल, फोडाला शेक. पू येत असला तर मात्र हात न लावता वाशीमचा रस्ता दाखवी. शेजारचे रंगराव एकदा कानात सारखं गुणगुणतं म्हणून आले. बुढीनं दोन्ही पाळ्या ओढून पाहिल्या.

"कान साफ हाय, रंगराव. बायकोचं आयकून न आयकल्यासारखं करता, ते साचलं आतमंधी."

रंगराव पाय आपटत गेले. त्यांची बायको रुपाबाई मात्र संध्याकाळी पापडांचं टोपलं ठेवून गेली.

हा गुण बुढीला तिच्या सासूनं दिला होता, आणि देताना एक अट घातली होती: डोळ्यातलं काढणाऱ्या बाईनं आपला डोळा दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही. दाखवला की जिभेचा गुण उतरला. तरुणपणी ही अट सोपी होती, कारण दाखवण्यासारखं डोळ्यात काही नव्हतं.

पुढं बुढीला अंधुक दिसू लागलं. तिनं ते भांडणाखाली झाकलं. सुईत दोरा ओवता येईना, तर सून कस्तुराबाईला म्हणायची, "तरणे डोये कायले ठेवले तुवा? ओव दोरा!" डाळीत खडा राहिला तर दोष डाळीचा. कूस काढायला तर डोळे लागतच नव्हते. ते जिभेलाच कळे. त्यामुळं गावाला पत्ता नव्हता, आणि तिचा मुलगा जगदेव तर आई ओरडते आहे म्हणजे धडधाकट आहे, याच समजुतीत होता.

एका वर्षी सोंगणीत ज्वारीचं पान कस्तुराबाईच्या उजव्या डोळ्यात सपकन लागलं. बुढीनं रोजच्यासारखी जीभ फिरवली.

"काई नाई. कूस असतं तं जिभीले लागलं असतं."

दुसऱ्या दिवशी डोळा लालबुंद झाला. कस्तुराबाईला उजेड सोसेना. ती पदर तोंडावर ओढून बसली. बुढीनं पुन्हा जीभ फिरवली. पुन्हा काही नाही. त्यानंतरच्या सकाळी रुपाबाई ताक मागायला आली आणि पदर बाजूला करून ओरडली.

"अवं माय! बुबुळावर पांढरा ठिपका हाय हा! फूल पडून राह्यलं न हिच्या डोयात!"

"कुठी?" बुढी म्हणाली.

"कुठी म्हंजे? हे काय समोर. तुले दिसत नाई काय?"

बुढीनं सुनेला हाताला धरून अंगणात उन्हात नेलं. हनुवटी वर केली, इकडं वळवली, तिकडं वळवली, आपलं नाक तिच्या नाकाला लागेपर्यंत वाकली. मग हात खाली सोडले.

"नाई दिसत," ती म्हणाली. "ठिपका काय, मले तुहं तोंड दिसत नाई, पोरी." आणि लगेच मोठ्यानं, "जगदेव, गाडी जुंप! पाहून काय राह्यला?"

वाशीमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळा निरखून पाहिला.

"पानानं बुबुळाला जखम झाली आहे. यात जीभ कोणी घातली?"

"म्या."

"कूस निघतं तशानं, बाई. पण जखमेत जीभ गेली की घाण आत जाते, जखम चिघळते. आणखी उशीर झाला असता तर डोळा गेला असता."

जगदेव खाली पाहू लागला. बुढी मात्र डॉक्टरांच्या आवाजाकडं तोंड करून उभी राहिली; ऐकायचं ते सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरांनी डोळा धुतला, थेंब टाकले, पट्टी बांधली. डोळा वाचेल, पण डाग राहील, म्हणाले. रोज पट्टी बदलायला इथंच राहा. मग त्यांनी दाराकडं पाहून पुढचा कोण, असं विचारलं.

बुढी चाचपडत स्टुलावर जाऊन बसली.

"माय, तुह्या जिभीचा गुण!" जगदेव दचकून म्हणाला.

"गेला तं जाऊ दे. सुनेचा डोया चाटून चाटून घालवला असता म्या. कायचा गुण न कायचं काय." तिनं स्वतःच पापण्या बोटांनी फाकल्या. "पाहा, डाक्तर."

डॉक्टरांनी पाहिलं. दोन्हीकडं मोतीबिंदू, डावा चांगला पिकला आहे, म्हणाले.

"पिकला तं तोडून टाका."

"इथं नाही. अकोल्याला जावं लागेल."

संक्रांतीनंतर जगदेव तिला अकोल्याला घेऊन गेला. परत आली ती जाड भिंगांचा चष्मा लावून. अंगणात पाय ठेवताच तिनं सुनेला हाक मारली, चुलीपाशी होती तिथून उन्हात बोलावलं आणि हनुवटी धरून उजवा डोळा पाहिला. बुबुळाच्या कडेला कणीएवढा पांढरा डाग होता. बुढी आणखी खाली वाकली.

"याच्यातून दिसते काय तुले?"

"दिसते. जरासं धुरकट."

"माह्यानं झालं ते."

कस्तुराबाईनं तिचा नाकावर घसरलेला चष्मा वर सरकवला.

"घरात चाला आत्याबाई. आता तुमाले डायीतले खडेबी दिसतीन, म्हंजे माह्या जिवाले रोज नवा ताप."

"दिसतीनच," बुढी म्हणाली. पण हनुवटी तिनं अजून सोडली नव्हती.