काही त्रास नाही, साहेब

शेजारच्या वहिनींनी डोळ्याचं इंजेक्शन दुसऱ्यांदा चुकवलं, तेव्हा मला खरी भीती वाटली. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोरच त्यांना बजावलं होतं, की दर महिन्याला यायचं, जी नजर गेली ती परत येत नाही, जी आहे ती राखायची.

वहिनी माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या आणि बी.ए. झालेल्या. त्यांचे यजमान कारखान्याच्या ऑफिसात होते, आमचे फिटर. मी चौथी शिकलेली. लग्न होऊन नागपूरकडून इथं हिंदी मुलखात, इंद्रपुरीत आले, तेव्हापासून बँकेचे कागद, रेशनचे फॉर्म, गावाकडची पत्रं, सगळं मला वहिनीच वाचून दाखवत. बदल्यात मी त्यांच्या कैऱ्या चिरून द्यायचे, पापड लाटून द्यायचे. आता दोघींचेही यजमान नाहीत, मुलं लांब आहेत. आणि रक्तातल्या साखरेनं वहिनींचे डोळे धरले, तेव्हापासून पेपर मी वाचते, त्या ऐकतात. मी अडखळले की म्हणतात, "सावकाश. पेपर कुठं पळून जात नाही."

पूर्वी साकेत नगरच्या मोठ्या दवाखान्याकडे जाणारी बस आमच्या कॉलनीतून जायची. मग रस्ता बदलला आणि बस बाहेरच्या मोठ्या रस्त्यावरूनच निघून जाऊ लागली. म्हणजे आधी पंधरा मिनिटं चालायचं, मग भरधाव गाड्यांतून रस्ता ओलांडायचा, मग पुढे एकदा बस बदलायची. पहिल्या खेपेलाच वहिनी दुभाजकाला अडखळून पडल्या. मी सोबत होते, पण माझा गुडघा असा, की त्यांना उठवायला भाजीवाला धावला. दर महिन्याला दोन्ही वेळचं ऑटो परवडणारं नव्हतं. "जाऊ दे गं," त्या म्हणाल्या, "पाहायचं तेवढं पाहून झालंय." ते मला अजिबात आवडलं नाही.

त्याच सुमारास आमच्या ज्येष्ठांच्या मंडळाला एका धर्मादाय संस्थेनं वर्षभरासाठी मदत दिली. मंडळ म्हणजे पुरुषांचा कॅरम आणि आम्हा बायकांचं गुरुवारचं भजन, इतकंच. ही मदत कशाला, तर आपल्या वस्तीची अडचण म्हाताऱ्या माणसांनी स्वतः कचेरीत जाऊन मांडावी म्हणून. संस्थेच्या एक चाळिशीच्या बाई दर बुधवारी येऊ लागल्या. आम्ही त्यांना दीदी म्हणायचो.

मंडळाचे अध्यक्ष चिडले. "आपण काय भिकारी आहोत? चाळीस वर्षं नोकरी केली आहे."

"केली ना," वहिनी म्हणाल्या. "चाळीस वर्षांत बसस्टॉपवर एक पत्रा तरी लागला का?"

सगळे हसले. अध्यक्षही हसले, पण उशिरा.

दीदींनी पुष्कळ शिकवलं. कोणत्या कामाला कोणत्या साहेबाकडे जायचं, अर्जाच्या प्रतीवर शिक्का कसा मागून घ्यायचा, दोन मिनिटांत आपल्यावर बेतलेलं कसं सांगायचं. त्या स्वतः साहेब होऊन टेबलामागे बसत आणि आम्ही एकेकानं बोलायचं. माझी पाळी आली की मी चहाचे कप गोळा करायला लागायचे. तीन बुधवार मी कपच धुतले.

बसच्या कचेरीत भेटीची वेळ मिळाली. म्हाताऱ्यांची दगदग नको म्हणून संस्थेनं गाडी केली. पांढरी, मोठी, आत गारवा. आम्ही सात जण ठेवणीतले कपडे घालून बसलो. अध्यक्षांनी कोट घातला होता.

साहेब भला माणूस निघाला. उठून उभा राहिला, खुर्च्या मागवल्या, पाणी मागवलं. मग आपुलकीनं विचारलं, "आने में कोई तकलीफ़ तो नहीं हुई?"

आणि आम्ही सातही जण एका आवाजात म्हणालो, "नहीं साहब, बिलकुल नहीं!"

आमच्यात असंच बोलतात. कुणाच्या घरी पाय भाजत गेलं तरी दारात सांगायचं, काही त्रास नाही. पोटात कावळे ओरडत असले तरी म्हणायचं, आत्ताच जेवून आलो. लहानपणापासून जिभेला तेच वळण. त्या दिवशी ते वळणच आमच्या आडवं आलं.

अध्यक्षांनी अर्ज वाचला. येण्याजाण्याचा किती त्रास होतो, हाच सगळा अर्ज. साहेबांनी खिडकीतून खाली उभी असलेली गाडी पाहिली. म्हणाले, "आप लोग तो आराम से आ गए. दवाखाने भी इसी से चले जाइए." त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच तसं वाटलं. विचार करू, म्हणाले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

परत येताना गाडीत अध्यक्षांनी कोट काढून मांडीवर घेतला. शेवटी वहिनींनाच हसू फुटलं. "सात जणांचा इतका सूर भजनात कधी लागला नव्हता."

मी मात्र हसू शकले नाही. पुढचं इंजेक्शन अठरा दिवसांवर आलं होतं.

बुधवारी दीदी आल्या त्या खजील होऊनच. "गाड़ी का सुझाव मेरा ही था," त्या म्हणाल्या. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या वेळी अर्ज आणखी कडक लिहू. मी कप उचलत होते. कप हातात धरूनच मी म्हणाले, "पुढच्या वेळी गाडी नको."

"मग काय चालत जायचं?" अध्यक्ष म्हणाले.

"बसनं. वहिनी जातात तसं."

मला वाटलं, चुकलं माझं. मग वहिनी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत बाई बोलली, तेही बरोबर बोलली."

दीदींनी संस्थेला फोन करून विचारलं. गाडीसाठी ठेवलेल्या मदतीतून बसची तिकिटं काढायला आणि अर्जाच्या मोठ्या अक्षरांतल्या प्रती छापायला तिकडून हो आलं. मोठी अक्षरं, म्हणजे वहिनींनाही वाचता येतील. त्या महिन्याचं इंजेक्शन मात्र मी सोडू दिलं नाही. भिशीतल्या मैत्रिणींकडून पैसे गोळा करून आम्ही ऑटो केलं. पण दर महिन्याला कुणापुढे हात पसरणार, हे वहिनींच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या भेटीला आम्ही रोजच्या कपड्यांत निघालो. पंधरा मिनिटांचं चालणं सात म्हाताऱ्यांनी पस्तीस मिनिटांत केलं. रस्ता ओलांडताना अध्यक्षांनी हात आडवा धरून गाड्या थांबवायचा प्रयत्न केला, एकही थांबली नाही. एकमेकांचे हात धरून आम्ही कसेबसे पलीकडे गेलो. दुसरी बस उशिरा आली. कचेरीत पोचलो तेव्हा वेळ टळून गेली होती आणि साहेब जेवायला उठत होते. आमचे चेहरे पाहून बसले. पाणी मागवलं. सवयीनं विचारलंच, "आने में तकलीफ़ तो नहीं हुई?"

अध्यक्षांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बाकीचे माझ्याकडे पाहत होते. मी साहेबांच्या टेबलावरच्या काचेकडे बघून म्हणाले, "हुई साहब. बहुत हुई."

मग थांबता येईना. माझी हिंदी अशी, की अर्धी मराठीच. साडेनऊला घर सोडलं ते सांगितलं, दुभाजक सांगितला, भाजीवाला सांगितला. शेवटी वहिनींचा हात धरून म्हणाले, "इनकी दो सुई छूट गई. आँख जा रही है साहब. इन्हीं की आँख से मैंने अब तक पढ़ा है."

साहेबांनी पेन काढलं. "दवाखाने किस दिन जाना होता है?"

त्यांनी वार विचारला, तेव्हा मला कळलं की त्यांनी ऐकलंय.

सहा आठवड्यांनी कॉलनीतून बस सुरू झाली. रोज नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळची एक. परतीची अजून बाहेरच्या रस्त्यावरच सोडते. त्याचा अर्ज अध्यक्षांनी लिहायला घेतलाय, संस्थेचं वर्ष संपायच्या आत द्यायचा आहे. वर्ष संपल्यावर दीदी येणार नाहीत. तिकिटं आपली आपण काढू, असं ठरलंय. शिक्का कुठे मागायचा ते आता येतं.

वहिनींच्या डाव्या डोळ्याचं गेलं ते गेलं. उजवा टिकून आहे. गेल्या मंगळवारी आम्ही त्याच बसनं गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बॅटरी धरून विचारलं, "कोई तकलीफ़?"

"नहीं नहीं, कुछ नहीं," वहिनी हसून म्हणाल्या.

मी कोपर मारलं.

वहिनींनी हसू आवरलं. मग म्हणाल्या, "है. शाम को रोशनी चुभती है." डॉक्टरीणबाईंनी बॅटरी बाजूला ठेवली आणि कागद पुढे ओढला.