मोटारीवर घातलेली झूल

जर्मनची लढाई संपली त्या सुमारास आमच्या धन्यांनी नगरच्या कॅम्पातून एका गोऱ्या साहेबाची काळी मोटार विकत घेतली. साहेब विलायतेला परत चालला होता. तोवर काष्टीच्या बाजाराला, लग्नाकार्याला, कचेरीला धन्यांना मीच न्यायचो, बैलांच्या दमणीतून. पांढरी खिल्लारी जोडी होती. माझी दमणी रस्त्याला लागली की माणसं हातातलं काम टाकून बघायची. मी सांगतो म्हणून नाही, कोणालाही विचारा. आता विचारायला कोणी उरलं नाही, ते सोडा.

मोटारीबरोबर नगरहून एक डायव्हर आला. माझ्याच वयाचा, पण टोपी तिरकी आणि खिशात कंगवा. आठवडा गेला नाही तोवर घरातल्या बायासुद्धा त्याला "डायव्हरसाहेब" म्हणायला लागल्या. मला कधी कोणी गाडीवानसाहेब म्हटलं नव्हतं.

त्याचा डोळा पहिल्यांदा गेला तो माझ्या छपरावर. मळ्यात दाट सावलीची तेवढी एकच जागा. तिथं माझे बैल बांधलेले. तो धन्यांना म्हणाला, "मालक, मोटार उन्हात ऱ्हायली तर ह्या चामड्याच्या गाद्या तडकत्यात. म्होरली लाकडी फळी फाटती. काचंभवतीचं रबर चिरतं. छपरात घ्यावी लागंल."

"आन बैल?" मी विचारलं.

"बैलाचं काय, त्याचं कातडं जित्तं हाय. हिचं मेल्यालं."

धनी हसले. ते हसू मला झोंबलं. छप्पर जाऊ द्यायचं नाही म्हणून मीच बोलून बसलो, "छप्पर न्हाई मिळायचं. वरून घालायला झुली देतो." पोळ्याच्या झुली त्या, दोन बैलांच्या दोन. लालभडक, आरसे लावलेल्या. माझ्या आईनं शिवलेल्या.

मग रोज तो मोटार बाभळीखाली लावायचा, ओल्या फडक्यानं गाद्या पुसायचा, एक झूल गाद्यांवर आणि दुसरी पुढच्या काचेवर पसरायचा. मला बघवायचं नाही.

"नवरी हाय का रं ती, रोज शालू नेसवतोस?"

"नवरीच की, दादा. उन्हानं काळी पडली तर मालक मला हाकलत्याल."

"काळीच तर हाय!"

"मग आनखी किती काळी करायची?"

जमलेले गडी हसले, आणि हसले ते त्याच्या बाजूनं. बाजारच्या दिवशी आसपासची माणसं मुद्दाम वाट वाकडी करून मळ्यात यायची. "काय झूल शोभती राव मोटारीला!" म्हणायची. छपरात बैल उभे होते, त्यांच्याकडं कोणी मान वळवली नाही. झूल माझ्या आईची, आणि कौतुक त्या पत्र्याच्या डब्याचं.

चैत्र सरला. झुलींचा लाल रंग उडून विटकरी झाला. बाभळीची सावली ती केवढी, दुपारी बुंध्यालाही पुरायची नाही. एक दिवस मोटारीच्या लाकडी फळीला केसाएवढी चीर गेली. ती डायव्हरनं धन्यांना अशी दाखवली, जसं काही घरात मयत झालं होतं. धन्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"बैल भाईर बांध रं. पावसाळ्यापतुर."

मोटार माझ्या छपरात गेली. मी बैल बाभळीखाली नेले आणि त्यांच्याशेजारी उन्हातच बसून राहिलो. भाकरीही तिथंच खाल्ली. धनी येऊन म्हणाले, "तू कशाला तापतोस?"

"बैल तापत्यात म्हनून."

त्यांना काहीतरी वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत हाक मारली, "चल, नगरला जाऊ. म्होरं बस, डायव्हरशेजारी." सगळे गडी माझ्या तोंडाकडं बघत होते. डायव्हरनं दारही उघडून धरलं. त्या गादीवर बसावं असं मला वाटत नव्हतं असं नाही. पण त्यानं उघडलेल्या दारातून मी कसा बसणार?

"बैलांना पानी दावायचंय," मी म्हणालो.

मग धन्यांनी घरात पाणी भरणाऱ्या गड्याला नेलं. त्याचा पाय नंतर महिनाभर जमिनीला लागत नव्हता. भेटेल त्याला सांगायचा, मला तर जवळ बसून सांगायचा, "गादी कसली गारगार, गड्या! लोन्यावर बसल्यावानी."

"आसनारच गार," मी म्हणालो. "माझ्या बैलांची सावली खाल्लीया तिनं."