सत्यवानाचं बुडालेलं वर्ष

मालवणच्या धोंडू तांडेलाचा सत्यवान मॅट्रिक झाला, तेव्हा घरात त्याच्याएवढं शिकलेलं कुणी नव्हतं. बाप कौलांनी भरलेला मचवा मुंबईला नेणारा. मुलाने तरी डोलकाठीखाली जन्म काढू नये म्हणून १९५६ साली त्याने त्याला कोल्हापूरला कॉलेजात धाडलं.

आपल्या पोहण्यात काही विशेष आहे, हे सत्यवानाला ठाऊकच नव्हतं. मालवणात सगळेच पोहत. जिमखान्याच्या इंगवले सरांनी त्याला तलावात पाहिलं आणि काठावरून ओरडले, "अरे, मान वर काढून काय पोहतोस? इथं लाटा नाहीत!" त्यांनी त्याला तोंड पाण्यात ठेवायला शिकवलं, भिंतीपाशी उलटायला शिकवलं. पुढच्याच वर्षी तो कॉलेजांच्या स्पर्धेत पहिला आला, मग विद्यापीठाच्या संघात गेला. फी माफ झाली, राहायला फुकट खोली मिळाली. अर्थशास्त्र त्याला मनापासून आवडायचं. त्याबद्दल मात्र कुणी विचारलं नाही.

बी.ए.च्या वर्षी सरावाचं लांबलचक शिबिर आणि त्यापाठोपाठ मद्रासची स्पर्धा आली. तास बुडतील म्हणून तो कचरत होता. इंगवले सर त्याला प्रिन्सिपॉलांकडे घेऊन गेले.

"हजेरीचं आम्ही बघतो," प्रिन्सिपॉल म्हणाले. "तू कप आण."

त्याने कप आणला. तोवर प्रिन्सिपॉल निवृत्त झाले होते. नव्या साहेबांनी हजेरी पाहून त्याची टर्म नामंजूर केली. टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही.

"पण मला शब्द दिला होता," सत्यवान म्हणाला. "इंगवले सर तिथंच होते."

साहेबांनी इंगवल्यांकडे पाहिलं. इंगवले खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "तसं नेमकं काही ठरलं नव्हतं."

संध्याकाळी तेच सर खोलीवर आले. "एक वर्ष गेलं म्हणून काय झालं? परत बस. फी माफ राहीलच. आणि गड्या, आणखी एक वर्ष तू संघात मिळशील!"

त्यांचा चेहरा खरोखरच फुलला होता. सत्यवानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने ट्रंक भरली आणि सकाळची गाडी पकडली.

"फुडल्या वर्साक परत जा रे," आई, यशोदा, विनवायची. तो नाही म्हणायचा. राग ओसरल्यावर जावंसं वाटलंही. पण तोवर फार दिवस उलटले होते, आणि बोलावणं काही आलं नाही.

गावात बातमी पसरली ती वेगळीच. धोंडूचो झील नापास झालो.

"मी नापास जावक नाय. माका परीक्षेक बसाकच देवक नाय," तो भेटेल त्याला सांगायचा. लोक मान डोलवायचे आणि पुढे जाऊन हसायचे. शेवटी त्याने सांगायचं सोडलं. मच्छीमार सोसायटीत कारकून म्हणून लागला. हायस्कुलात खेळाच्या मास्तरची जागा निघाली, तेव्हा पदवी नाही म्हणून त्याला आत बोलावलंदेखील नाही. जो लागला त्याला पोहता येत नव्हतं.

१९६७ साली इंगवले सर मुलांची सहल घेऊन समुद्रातला किल्ला बघायला आले. धक्क्यावर सत्यवानाला ओळखून त्यांनी मिठीच मारली. "मुलांनो, हा आमचा चॅम्पियन!" मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण त्या वर्षी असा अचानक का रे निघून गेलास? मला सांगितलंही नाहीस."

सत्यवानाने त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. सर खोटं बोलत नव्हते. ते विसरले होते. किती वेळा त्याने मनातल्या मनात या माणसाला उभं करून जाब विचारला होता. आता विचारायचं कुणाला?

"घरची अडचण होती, सर," तो म्हणाला.

होडीवाला शंकर हाका मारत होता. सर मुलांना घेऊन होडीत चढले आणि लांब जाईपर्यंत हात हलवत राहिले.

दुपारी बायकोने, विमलाने विचारलं, "तुमका मिठी मारल्यानी ते कोण ओ?"

"कॉलेजातले सर."

"मगे तेंका घराक जेवाक कित्याक आणूक नाय?"

सत्यवानाने हात धुतले आणि तो पाटावर बसला.