खाऊन-पिऊन उपाशी

बिस्किटांच्या कारखान्यात आत्याचं काम सरकत्या पट्ट्याच्या अगदी शेवटी होतं. भट्टीतून भाजून निघालेली बिस्किटं रांगेने पुढे यायची आणि त्यातली फुटकी, करपलेली, वाकडीतिकडी तिने टिपून शेजारच्या टबात टाकायची. उभं राहून कंबर मोडायची, पण नजर हलवायची सोय नव्हती. आठवड्याच्या शेवटी तो टब कामगारांत वाटला जायचा. आत्या आपला वाटा पिशवीत भरून घरी आणायची, म्हणून गल्लीतली पोरं तिला ‘बिस्किटआत्या’ म्हणायची. तशी ती खरी आत्या एकाच मुलीची. बबीची.

नवऱ्याने टाकल्यावर ती धाकट्या भावाकडे राहायला आली तेव्हा बबी रांगत होती. भाऊ ट्रकवर ड्रायव्हर. माल घेऊन गेला की चार-चार दिवस तोंड दिसायचं नाही. पुढे वहिनी आजारी पडली, बरेच महिने दवाखान्यात झिजली आणि गेली. भाऊ एवढंच म्हणाला, “ताई, आता बबी तुझी.” आत्याला त्या बोलण्यात दुःख ऐकू आलं तसा आधारही ऐकू आला. आपण या घरात का आहोत, हे आता कुणी विचारणार नव्हतं.

पण आई गेल्यावर बबीने खाणंच टाकलं. भाताचा घास घेतला की उलटी, भाजीच्या नुसत्या वासाने उलटी. फळाची फोड जिभेला लागली तरी ती शहारून थुंकायची. आत्याने गोष्टी सांगून भरवलं, दटावलं, एकदा तर नाक दाबून घास कोंबला. त्या दिवशी पोर काळीनिळी झाली आणि आत्याने हात टेकले. बबीला दोनच गोष्टी चालायच्या: चहात बुडवलेलं बिस्किट आणि तळलेला बटाटा. ‘पोटात काहीतरी जातंय ना,’ असं आत्या स्वतःच्या मनाला सांगायची.

आणि जात होतंच. बबीचे गाल वर आले, दंड भरले, शाळेचा फ्रॉक काखेत उसवायला लागला. शेजारीण म्हणायची, “काय पोसलीय भाचीला! वादळ आलं तरी ही जागची हलायची नाही.” आत्या वरवर चिडायची, पण आतून तिला बरं वाटायचं. आईविना पोर हाडकुळी राहिली असती तर लोकांनी कुणाला बोल लावला असता?

बबी चौथीत गेली त्या वर्षी शाळेत तपासणी झाली. वजनकाट्यावर ती उभी राहिली तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “काटा मोडेल रे!” सगळा वर्ग हसला. डॉक्टरांनी आत्याला बोलावून घेतलं.

“वजन वयाच्या मानाने फार आहे. तळलेलं पहिलं बंद करा.”

“आणि बाकी?”

“बाकी ठीक दिसतेय. खाण्यात कमी नाही, जास्तीच आहे.”

आत्याने त्याच संध्याकाळी बटाटा बंद केला. बबी दोन दिवस रडली, मग बिस्किटांवरच राहिली.

काही महिने गेले. मग बबी पाय दुखतात म्हणायला लागली. खेळाच्या तासाला ती भिंतीला टेकून बसायची. सर म्हणाले, “हलायला नको, म्हणून ही नाटकं.” कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, “एवढ्या वजनाचा भार पायांनी किती सोसायचा? वजन उतरवा, दुखणं जाईल.” जो तो वजनच बघत होता. आत्याने चहातली साखर कमी केली आणि बबीला रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालवायला सुरुवात केली. बबी तिचा हात घट्ट धरून चालायची, ओठ चावायची. परत आल्यावर पायरीवर बसून म्हणायची, “आत्या, उद्या नको ना.”

एके सकाळी ती उठलीच नाही. गुडघे दुमडून, बाहेरच्या बाजूला वळवून बेडकासारखी पडून होती. आत्याने चादर ओढली, चादरीची कड पोटरीला घासली आणि बबीने अशी किंकाळी फोडली की शेजारीण धावत आली. नडग्यांवर जांभळे डाग होते, कुणी काठीने मारावं तसे. उशीवर रक्ताचा ओघळ होता. आत्याने तिचं तोंड उघडून पाहिलं. हिरड्या सुजून दातांवर आल्या होत्या, वांग्याच्या रंगाच्या.

जिना अरुंद होता. शेजारणीने पाय धरले, आत्याने काखेत हात घातले, आणि दोघींनी मिळून ती जड, किंचाळणारी पोर खाली आणली. प्रत्येक पायरीला बबी ओरडायची आणि प्रत्येक पायरीला आत्या म्हणायची, “झालं हं, झालं माझ्या राणी.” काहीच झालेलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात तिला दाखल करून घेतलं. डाग, हिरड्या, न उभं राहणं, हे सगळं पाहून तिथल्या डॉक्टरांचे चेहरे गंभीर झाले. एका तरुण डॉक्टरने विचारलं, “खाण्यापिण्याचं कसं आहे हिचं?”

आत्याच्या तोंडून उत्तर आपोआप निघालं. “खाते ना. सगळं खाते. बघताय ना अंग.”

डॉक्टरने बबीकडे एक नजर टाकली आणि मान डोलावली. भरल्या अंगाच्या मुलीला आणखी काय विचारायचं? पण आत्याला घाम फुटला होता. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग तुम्ही काय करत होतात?

भाऊ निरोप मिळताच ट्रक वाटेत दुसऱ्याच्या हवाली करून आला. त्याला डॉक्टरांनी बाजूला घेतलं. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“रक्ताचा कर्करोग असू शकतो म्हणतात. हाडातला रस काढून बघायचाय.”

याच दवाखान्यात वहिनी गेली होती. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

हाडात सुई टोचताना बबीला धरायला आत्यालाच आत बोलावलं. बबी कुशीवर होती, तिचं तोंड आत्याच्या पोटात खुपसलेलं. “आत्या, मी रोज चालीन,” ती हुंदके देत म्हणत होती. “गल्लीच्या टोकापर्यंत चालीन. ह्यांना नको म्हण.” पोरीला वाटत होतं, चालली नाही म्हणून ही शिक्षा आहे. आत्याने तिचं डोकं दाबून धरलं आणि स्वतःचा ओठ इतका चावला की तोंडात रक्ताची चव आली.

कर्करोग निघाला नाही. पण काय आहे, तेही कुणाला सांगता येईना. बबी दिवसेंदिवस पांढरी पडत गेली. घसा कोरडा पडला तरी पाणी मागायची नाही, कारण पाण्याचा पेला ओठांना लागला की हिरड्या वाहायच्या. भाऊ कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायचा. एकदा त्याने विचारलं, “ताई, हे एवढं होईपर्यंत तुला दिसलं कसं नाही?” त्याचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

शेवटी हिरड्यांसाठी दातांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. केस पिकलेल्या, बोलायला फटकळ. त्यांनी बॅटरी घेऊन तोंडात पाहिलं, बोटाने हलकेच हिरडी दाबली, नडग्यांवरचे डाग पाहिले. मग आत्याला न विचारता त्या बबीलाच म्हणाल्या, “काय गं, सकाळी काय खातेस?”

“चहा-बिस्किट.”

“दुपारी?”

“बिस्किट.”

“आणि रात्री?”

बबीने आत्याकडे पाहिलं. आत्या खाली बघत होती.

“चहा-बिस्किट,” बबी म्हणाली. “आधी बटाटा पण खायचे. तो बंद केला. मी जाडी आहे म्हणून.”

बाईंनी बॅटरी बंद केली. “संत्रं? लिंबू? पेरू? कधीच नाही?”

बबीने नकारार्थी मान हलवली.

“हिला स्कर्व्ही झालाय,” बाई सोबत आलेल्या तरुण डॉक्टरकडे वळून म्हणाल्या. “क जीवनसत्त्व अंगात उरलंच नाही. जे थोडंफार बटाट्यातून मिळत होतं, तेही वजन कमी करायच्या नादात गेलं. पुस्तकात वाचून विसरता तुम्ही. वजन भरपूर असलं म्हणजे पोर पोसलेलं असतं असं नाही. ही खाऊन-पिऊन उपाशी आहे.”

तरुण डॉक्टर आत्याला म्हणाला, “पण तुम्ही तर सगळं खाते म्हणाला होतात.”

दाराशी उभा असलेला भाऊ बहिणीकडे वळला. आत्या त्यालाच म्हणाली, “ती दुसरं काही खाईना रे. मी सगळं करून पाहिलं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, हिला एक पोर सांभाळता येत नाही.”

“आणि आता काय म्हणू?” भाऊ म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

औषध सुरू झालं. थोड्याच दिवसांत बबी चादर अंगावर घ्यायला लागली. हिरड्या फिक्या झाल्या. एका दुपारी तिने पलंगाची कड धरून पाय खाली सोडले आणि ती उभी राहिली. सगळ्या वॉर्डाने पाहिलं. आत्या तेव्हा कारखान्यात होती. रजा संपली होती. तिला ते नर्सने सांगितलं.

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी बबीची मावशी आली. तिच्या घरी माणसं होती, तीन मुलं एका ताटाभोवती बसून जेवायची. “सुट्टीपुरती नेते,” ती म्हणाली. “मुलांबरोबर बसली की खायला शिकेल.” भावाने आत्याकडे न बघताच हो म्हटलं. आत्याने बबीचे कपडे घडी घालून दिले. उसवलेल्या फ्रॉकची काख तिने आदल्या दिवशीच शिवून ठेवली होती.

सुट्टी संपली, बबी आली नाही. तिकडच्या शाळेत नाव घातल्याचं आत्याला नंतर कळलं.

पुढे एकदा ती भेटायला गेली. बबी वाळली होती, उंच झाली होती. आत्याला पाहून ती धावत आली, कमरेला मिठी मारली आणि लगेच पळाली, कारण बाहेर खेळ रंगला होता. मावशी म्हणाली, “अजून कुरकुर करते, पण घास गिळते. एकदा तर दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.” आत्याने मान डोलावली. बबी परत आत येईल म्हणून ती बराच वेळ बसून राहिली. मग उठली.

घरी भाऊ आला होता. त्याने विचारलं, “कशी आहे?”

“पळते,” आत्या म्हणाली.

तिने भात वाढला. दोघं समोरासमोर बसून जेवली, आणि आत्याने ताटातला प्रत्येक घास नीट चावून खाल्ला, कुणीतरी बघतंय अशा धाकाने.