अर्धा आटा जास्त

घट्टकाकांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर असेल तेवढंच. गल्लीत ते घट्टकाका, आणि त्यांची बायको, तिच्यात घट्ट असं काहीही नसताना, घट्टकाकू.

काकांचा सगळा जन्म बसच्या डेपोत गेला. काम एकच, चाकांचे नट आवळणं. हातभर लांब पाना, पान्याच्या दांड्यात खुपसलेला पाइप, आणि त्या पाइपवर दोन्ही पाय देऊन उभे काका. अंगाने काडी, पण नट कर्र म्हणेपर्यंत खाली उतरायचे नाहीत. त्यांनी आवळलेलं चाक कधी निखळलं नाही, हे डेपोत सगळे मोठ्या आवाजात सांगत. पंक्चर झाल्यावर ते चाक निघतही नसे, हे जरा हळू सांगत.

निवृत्त झाले तेव्हा पाना डेपोत राहिला आणि हात घरी आला. त्या हाताने मग घरातले नळ आवळले, बरण्यांची झाकणं आवळली, टूथपेस्टचं टोपण आवळलं. शेजारची बाई एकदा पाण्याची बाटली घेऊन आली. म्हणाली, "काका, काल तुम्हीच लावून दिलीत, आता तुम्हीच उघडून द्या." काकांनी दिली उघडून, आणि बोलता बोलता परत लावूनही दिली. बाई तशीच उभी. शेवटी काकूंनी तिला पेल्यातून पाणी दिलं.

अशा घरात लेकीचे सासू-सासरे चार दिवस राहायला म्हणून आले आणि ते चार दिवस काही संपेनात. एकदा विहीणबाईंचा गुडघा दुखला. एकदा हवा चांगली पडली. एकदा व्याह्यांचा शर्ट वाळला नाही. काकूंनी लेकीला फोन केला तर लेक म्हणाली, "आवडलंय ना त्यांना तिथे? मग राहू दे की गं आई. इकडे काही घाई नाही." मागे जावई मोकळ्या गळ्याने गाणं म्हणत होता. जावई झाल्यापासून त्याचा साधा खाकरण्याचा आवाजही काकूंनी कधी ऐकला नव्हता.

विहीणबाई स्वभावाने गोड. त्यांचं काही नव्हतं. व्याही मात्र निवृत्त शाळातपासनीस, आणि तपासायला शाळा उरली नाही म्हणून समोर येईल ते तपासत. टॉवेलाची घडी, झाडू ठेवायचा कोपरा. चहाचा घोट घेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "सात. साखर अर्धा चमचा कमी असती तर आठ दिले असते."

हेही काकूंनी सोसलं असतं. पण पाहुण्यांना आतली खोली आणि पलंग दिलेला, आणि काका-काकू बाहेरच्या खोलीत फरशीवर. काकांचं काय, ते कुठेही आडवे झाले की गेले. काकूंची पाठ मात्र रोज सकाळी त्यांच्या आधी उठून कुरकुर करायची. काकूंना या जगात आता एकच गोष्ट हवी होती: आपला पलंग.

आणि एका सकाळी बॅगा भरून दाराशी आल्या. जेवून निघायचं ठरलं. काकूंनी पीठ मळतानाच मनातल्या मनात चादर बदलली.

तेवढ्यात व्याही खिडकीतून गाडीकडे बघत म्हणाले, "ऑइल बदलायला झालंय जरा. घरी गेल्यावर बघू."

"हो, घरी गेल्यावरच बघा," स्वयंपाकघरातून आवाज आला. "तेच बरं."

"छे छे," काका म्हणाले. "एवढा लांबचा पल्ला. मी आहे कशाला?"

काकूंनी दारात येऊन डोळे वटारले. काकांना वाटलं, डोळ्यात पीठ गेलं. "पाणी मार जरा," असं म्हणून ते चप्पल घालून ऑइलचा डबा आणायला गेलेसुद्धा.

गाडीची पुढची चाकं लाकडी उतरणीवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. काका खाली सरकले. बाजूला खुर्ची टाकून व्याही बसले, हात पोटावर बांधून, वर्गाच्या मागच्या बाकावर बसावं तसे. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात, आणि चेंबरच्या तळाला एक बोल्ट. तो काढला की जुनं तेल खाली येतं. आलं. काळं, कोमट, सावकाश. काकांनी नवा वॉशर घातला, बोल्ट बोटांनी फिरवून बसवला, मग गाडीतल्या पान्याने आवळला. बसच्या नटांपुढे हा बोल्ट म्हणजे कानातला डूल. काकांनी स्वतःला बजावलं होतं, बेताने घ्यायचं. घेतलंही होतं. पाना त्यांनी बाजूला ठेवला होता.

"घट्ट बसलाय ना?" खुर्चीतून प्रश्न आला.

हा प्रश्न काकांना आजवर कुणी केला नव्हता. साहेबांनी नाही, ड्रायव्हरांनी नाही. क्षणभर त्यांना कळेचना की हे आपल्यालाच विचारलंय.

"बसलाय," ते म्हणाले.

"नाही, वाटेत गळायला नको. तुमची खात्री आहे म्हणता?"

काकांनी पाना परत उचलला. फक्त अर्धा आटा. डेपोत सगळा कारभार लोखंडाचा, आणि लोखंड कर्र करून सांगतं की बास. हा चेंबर ॲल्युमिनियमचा. तो काही बोलला नाही. हाताखालचा जोर एकाएकी लोण्यात गेल्यासारखा झाला आणि बोल्ट गरागरा फिरायला लागला. काकांनी तो अलगद बाहेर ओढला. बोल्टाला चंदेरी तारेचं वेटोळं गुंडाळलेलं होतं. ते चेंबरच्या भोकातले आटे होते, सगळेच्या सगळे.

काका बाहेर येईनात.

"झोपलात का?" व्याह्यांनी विचारलं.

"बघतोय," गाडीखालून उत्तर आलं.

काकू हात पुसत आल्या. आधी त्यांना नवऱ्याचे नुसते पाय दिसले, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात पायांवरूनही कळतं. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काय झालं?"

"आटे गेले."

"कुणाचे?"

"चेंबरचे."

"म्हणजे गाडी?"

"तेल राहणार नाही तिच्यात."

"मग हे दोघं?"

काका म्हणाले, "हे राहतील."

काकू उठल्या. पदर खोचला आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेल्या. गॅरेजवाल्याला सगळे उद्याशेठ म्हणत, कारण कुठल्याही कामाला त्याचं उत्तर ठरलेलं. तो स्टुलावर बसून कलिंगड खात होता. "उद्या बघतो काकू," म्हणाला. काकू नुसत्या त्याच्या समोर उभ्या राहिल्या. बिया थुंकायलाही त्याला जागा राहिली नाही, तेव्हा तो उठला.

गाडीखाली बॅटरी मारून त्याने भोक पाहिलं, बोल्ट पाहिला, आणि काकांकडे जरा आदरानेच पाहिलं. "काका, हे हातानेच केलंत?"

"किती वेळ लागेल ते सांग," काकू म्हणाल्या.

"भोक मोठं करायचं, आत लोखंडी कडं, म्हणजे बुश, बसवायचं, त्याला आटे पाडायचे. लेथवाल्याचं काम आहे. तो गावाला गेलाय."

"येणार कधी?"

"उद्या."

"तुझा उद्या की खरा उद्या?"

उद्याशेठने प्रामाणिकपणे विचार केला. "माझा," तो म्हणाला.

काकू मटकन बॅगेवरच बसल्या. त्यांचं तोंड बघून उद्याशेठला दया आली असावी. खिशातून त्याने अंगठ्याएवढं रबरी बूच काढलं. "हे आहे. भोकात घालायचं आणि फुगवायचं. पोचतील बहुतेक."

काकू ताडकन उठल्या. व्याही म्हणाले, "चालत असेल तर निघू आम्ही." विहीणबाई तर पर्स घेऊन गाडीत जाऊनही बसल्या. गाडीचं नाक अजून उतरणीवर वर होतं, त्यामुळे त्या दात काढायला आल्यासारख्या मागे रेलून आभाळाकडे बघत होत्या.

"बुचावर गाडी जायची नाही," काका म्हणाले.

काकूंनी एक बॅग उचलली होती, ती तशीच हातात राहिली. या माणसाने घरात आजवर त्यांचा शब्द मोडला नव्हता. झाकणं मोडली होती, शब्द नाही.

"अहो, तो म्हणतोय ना पोचतील."

"बहुतेक म्हणतोय. वाटेत बूच निसटलं तर तेल जाईल, इंजिन जाम होईल आणि गाडी भर रस्त्यात उभी राहील. चाक बहुतेक बसलंय म्हणून मी कधी बस सोडली नाही."

"मग आवळताना कुठे गेली होती ही अक्कल?"

"चुकलं. पण बुचावर जायची नाही."

काकूंनी बुचाकडे बघितलं. मग गाडीकडे. काचेतून विहीणबाईंनी त्यांना हात हलवून टाटा केला. रस्त्यात गाडी बंद पडली तर ही बाई त्या गुडघ्यावर किती चालेल, असं काकूंच्या मनात आलं, आणि ते एकदा आल्यावर काही जाईना. त्यांनी गाडीचं दार उघडलं.

"उतरा, विहीणबाई. आज जाणं नाही."

दोन्ही बॅगा काकूंनी स्वतःच उचलून घरात नेल्या. विहीणबाईंची बॅग आत गेली. व्याह्यांची बॅग त्यांनी बाहेरच्या खोलीत, काकांच्या वळकटीला टेकून ठेवली.

"पलंगावर मी आणि विहीणबाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं इथे."

"दोघं म्हणजे?" व्याह्यांनी विचारलं.

"आवळणारा आणि आवळायला लावणारा."

व्याह्यांनी तोंड उघडलं. बायकोकडे पाहिलं. विहीणबाई म्हणाल्या, "बरोबर बोलतायत त्या," आणि लंगडत, पण बऱ्याच वेगाने, आत गेल्या. व्याही फरशीकडे वाकून बघायला लागले. काका म्हणाले, "भिंतीकडची बाजू घ्या. तिकडे गार कमी लागतं."

जेवणं झाल्यावर काकूंनी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि पाठ टेकली. पलंग कुईं करून वाजला. विहीणबाईंनी पाय लांब केले आणि दोघी काही वेळ नुसत्या छताकडे बघत पडून राहिल्या.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा," विहीणबाई म्हणाल्या, "दुपारची आडवी झाले आणि कुणी किती वाजले ते सांगितलं नाही."

काकू हसल्या. बाहेरच्या खोलीत कोण कुठल्या कुशीवर झोपणार याची चर्चा चालू होती.

"ऐका ना," विहीणबाई कुशीवर वळून हळूच म्हणाल्या. "त्या लेथवाल्याला उगाच घाई करायला लावू नका."

"छे हो," काकूंनी डोळे मिटून घेतले. "होऊ दे त्याच्या तब्येतीने."