पौर्णिमाने बांधलेला ब्रिज

पौर्णिमा तायडेबद्दल काही लिहावं इतकी तिची-माझी ओळख नव्हती. ती अकोल्याची, घरी आई, अमरावतीत खोली करून राहायची. एवढंच मला ठाऊक. मी कॉलेजातून निवृत्त होऊन मानधनावर रेकॉर्ड रूम सांभाळत होतो आणि तिचा सर्व्हर माझ्याच खोलीच्या कोपऱ्यात होता. ती अकरा महिन्यांच्या करारावर. करार वाढवायचा की नाही, हे प्राचार्य या एका कामावरून ठरवणार होते.

काम तिनेच मला समजावलं.

"काका, या एका पेटीत तीन मशिनी हायेत. प्रवेश, ग्रंथालय, परीक्षा. खऱ्या नाहीत, लिनक्स नावाच्या सिस्टिमच्या पोटातल्या. व्हर्च्युअल."

"मंग त्याईले नेटची तार कोठून?"

"तारही खोटीच. तिन्ही तारा एका ब्रिजले जोडायच्या, अन् ब्रिज भिंतीतल्या खऱ्या तारेले."

"म्हणजे खरी तू एकटीच."

"मी बी अकरा महिन्यांचीच," ती हसली.

शुक्रवारी ब्रिज लागला. तिन्ही मशिनी बाहेरच्या जगाशी बोलू लागल्या. हे तिने नुसते हुकूम टाइप करून केलं होतं. दोन दिवस नीट चाललं की सोमवारी ते फाइलीत कायमचं लिहिणार होती.

"तोवर मशीन बंद नोका करजा, काका. बंद झालं का ब्रिज गेला."

मी हो म्हटलं.

पूर्वी एकदा रेकॉर्डला आग लागली होती. तेव्हापासून शनिवारी निघताना मेन स्विच खाली ओढायची आमच्याकडे रीत. तेवीस वर्षं मी ओढला. त्या शनिवारीही ओढला. घरी पोचल्यावरसुद्धा मला काही आठवलं नाही.

रविवारी सकाळी पाण्याच्या पंपासाठी चौकीदार डोमाजीने मेन वर केला. मशीन उठलं, ब्रिज नव्हता. परीक्षेच्या अर्जांची मुदत त्याच दुपारी तीनपर्यंत. पौर्णिमा आईकडे अकोल्यात होती, आणि बाहेरून सर्व्हरमध्ये शिरायची वाटही त्या तीन मशिनींपैकीच एकीतून. मुलांचे फोन आल्यावर ती बस धरून आली, तेव्हा चार वाजले होते. बेचाळीस अर्ज राहिले.

सोमवारी प्राचार्य खोलीत आले. "मशीन बंद कोणी केलं?"

"साहेब, म्या तं चालू केलं," डोमाजी घाबरून म्हणाला.

पौर्णिमाने माझ्याकडे पाहिलंही नाही. "कोणीही केलं असेल, सर. वीज कधीही जाते. मी फाइलीत लिहायला हवं होतं. माझं चुकलं."

मी कपाटाशी उभा होतो. फाइली नीट लावत राहिलो. मेन मीच ओढला हे तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही.

करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी ती ओळखपत्र जमा करून खोलीत आली. मी सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"अकोल्याची बस कितीले हाय?"

"अर्ध्या-अर्ध्या तासाले असते. जेवले का तुमी?"

"जेवलो."