बोंडूची खवखव

आता काय सांगू तुम्हाला, आमच्या घरात सगळ्यात जास्त शिकलेला मी, आणि सगळ्यात मोठा गाढवपणाही माझ्याच नावावर. चहा घ्या, ऐका.

एम.एस्सी.ला मी बोंडूपासून हायड्रोजन काढायला घेतला होता. काजूची बी काढली की उरलेला रसाळ बोंडू आमच्याकडे झाडाखालीच कुजतो. त्यात साखर भरपूर. ती जंतूंनी खाल्ली की गॅस सुटतो. जंतू शेणातले, आणि शेण आधी उकळायचं, म्हणजे नको ते जंतू मरतात. मी ते आईच्या पातेल्यात उकळलं, खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं.

बोंडू मे महिन्यापर्यंतच. तेवढ्यात गॅस निघाला नाही तर वर्ष जाणार.

आणि अडचण अशी, की बोंडू खाल्ला की ज्या तुरटपणाने घसा धरतो ना, त्यानेच जंतूही आखडतात, असं पुस्तकात होतं. बोंडू चिरून डबा भरून द्यायची आई. तिला म्हटलं, "आई, याची खवखव काढून दे."

"काढतंय," ती म्हणाली.

कॉलेजात फोडी वाटून लगदा केला, शेणाचं पाणी घातलं, बाटली बंद केली. चार दिवस बुडबुडा नाही. मी निदान केलं, खवखव शिल्लक आहे. आईला सांगितलं, अजून काढ. पुन्हा काही नाही. अजून काढ. पुढची बाटली तर मयताच्या घराहून गप्प; तिथे निदान कोणीतरी खोकतं. मी सरांना ऐटीत लिहून दिलं, बोंडूचा तुरटपणा वाटला त्याहून फार चिवट आहे.

शेवटचा डबा उघडला, तेव्हा आमचे शिपाई दत्ताराममामा आले आणि एक फोड तोंडात टाकली.

"मामा, प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं!"

"बरो लागता रे," मामा चघळत म्हणाले. "मीठ मात्र वायच जास्त पडलां."

मीठ?

घरी गेलो. आई परसात बी सोलत होती, काजूच्या चिकाने बोटांची सालं निघालेली.

"मीठ घातलंस तू?"

"मगे? खवखव मिठान नाय तर कशान जातली? तू आजून काढ म्हणालंस, मी आजून घातलंय. मगे रातभर मिठाच्या पाण्यात ठेवलंय."

खारवलेल्या कैरीत जंतू का वाढत नाहीत, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मी मात्र तिलाच म्हणालो, "तुझ्यामुळे माझं वर्ष गेलं." ती हात धुऊन आत गेली. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

वर्ष गेलंच. पदवी पुढच्या मोसमात मिळाली.

अजूनही आई मला बोंडू चिरून देते. मी मिठाच्या बरणीकडे हात नेला, की ती बरणी उचलून बाजूला ठेवते. "नको रे झिला, तुझे जंतू मरतले." थट्टा करते की खरंच घाबरते, हे विचारायचं धाडस मला होत नाही.

मी आपला बिनमिठाची फोड खातो आणि धरलेल्या घशाने म्हणतो, "बरो लागता."